धुक्यातली अंतरं

धुक्यातल्या फोटोबद्दल सगळ्यांत जास्त ऐकू येणारी तक्रार एकच: समोर उभे होतो तेव्हा काय सुरेख दिसत होतं, आणि फोटोत मात्र नुसतं मळकट राखाडी उतरलंय. मग फोटो संगणकावर उघडायचा, कॉन्ट्रास्टची पट्टी उजवीकडे सरकवायची, ‘डीहेझ’ सापडलं की तेही पुढे ढकलायचं, आणि शेवटी काळीकुट्ट झाडं, डागाळलेलं आकाश आणि हरवलेलं धुकं असं काहीतरी पदरात पडतं. ज्या धुक्यासाठी भल्या पहाटे उठून गारठ्यात कुडकुडत गेलो, तेच पुसायला घरी येऊन तासभर खपायचं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. फोटो काढणाऱ्याने कष्ट घेतलेले असतात, त्याची नजरही चांगली असते. फक्त धुक्याकडे तो अडथळा म्हणून बघत राहतो.

या प्रकरणात धुक्याकडे विषय म्हणून बघू. नेमकं सांगायचं तर जवळच्या आणि लांबच्या गोष्टींमध्ये धुक्याने जे अंतर दाखवलेलं असतं, तो विषय. चौकट धरताना ते अंतर नीट मांडायचं आणि एडिटिंग करताना ते राखायचं. पुढचं सगळं याच गोष्टीभोवती फिरणार आहे.

सहावा खांब

हवामानखातं दृश्यता १००० मीटरच्या खाली गेली की धुकं म्हणतं, २०० मीटरच्या खाली गेली की दाट धुकं आणि ५० मीटरच्या खाली अतिदाट. धुक्याचा थेंब साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा असतो. आपल्याला तो बारीक वाटला तरी प्रकाशाच्या लहरीपुढे तो धोंडाच. त्यामुळे निळा-लाल असा भेद न करता तो सगळे रंग सारखेच विखुरतो, आणि धुकं पांढरं दिसतं. दुपारी सह्याद्रीच्या लांबच्या रांगा निळसर दिसतात तो प्रकार वेगळा. तिथे हवेचे रेणू आणि अतिसूक्ष्म कण निळा प्रकाश जास्त विखुरत असतात.

आपल्याकडचं हिवाळी धुकं बहुतेक दोन प्रकारचं. रात्री आभाळ निरभ्र असेल, वारा पडलेला असेल आणि जमिनीत ओल असेल, तर जमीन भराभर थंड होते, तिला लागून असलेली हवा थंड होते आणि शेतांवर, दरीत, ओढ्याकाठी धुकं साचतं. उसाच्या आणि भाताच्या पट्ट्यात ते हमखास दिसतं. शेतकरी त्याला धुई म्हणतात आणि ती पडली की त्यांच्या कपाळावर आठ्या येतात, कारण द्राक्षावरचा डाऊनी आणि आंब्याच्या मोहोरावरचे रोग अशाच दमट हवेत फोफावतात. दुसरा प्रकार पाण्यावरचा: पाणी अजून कोमट आणि वरची हवा गार, मग पाण्यातून वाफा निघताना दिसतात. जमिनीवरचं धुकं चादरीसारखं पसरतं, तर पाण्यावरचं विरळ, हलतं आणि गुडघाभर उंचीचं असतं. दोन्हींचे फोटो वेगळे निघतात. पहिल्यात झाडांचे थर मिळतात. दुसऱ्यात पाय नसलेली झाडं आणि तळ नसलेल्या होड्या.

आता मुख्य गोष्ट. हाराल्ड कोशमीडर या जर्मन हवामानशास्त्रज्ञाने १९२४ साली धुक्यातल्या दृश्यतेचं गणित मांडलं. त्याचा फोटोग्राफरच्या कामाचा अर्थ असा: धुकं सगळीकडे सारखं असेल, तर ठरावीक अंतर गेलं की गडद वस्तू आणि मागचं धुकं यांच्यातला कॉन्ट्रास्ट निम्मा होतो, तेवढंच अंतर आणखी गेलं की त्याच्याही निम्मा. हे ‘निमपट अंतर’ दृश्यतेच्या साधारण सहाव्या हिश्शाएवढं असतं. दृश्यता २०० मीटर असेल तर सुमारे ३५ मीटरवरच्या झाडाचा कॉन्ट्रास्ट निम्मा उरतो, ७० मीटरवर पाव, १०५ मीटरवर एक अष्टमांश.

याचा पडताळा गावच्या रस्त्यावर घेता येतो. विजेच्या खांबांच्या रांगेकडे बघत उभे राहा आणि कितवा खांब दिसेनासा होतो ते मोजा. सहावा खांब दिसेनासा झाला असेल, तर प्रत्येक खांब त्याच्या आधीच्या खांबाच्या निम्म्या कॉन्ट्रास्टचा आहे असं समजा. तिसराच खांब गायब असेल, तर निमपट अंतर दोन खांबांमधल्या अंतराच्या निम्मं. कॅमेरा बाहेर काढण्याआधी एवढं केलं तरी आज चित्र कुठे बसणार आहे हे कळतं.

कारण निमपटीचा हा उतार सुरुवातीला फार तीव्र आणि पुढे सपाट असतो. दाट धुक्यात पाच मीटरवरचं झुडूप आणि चाळीस मीटरवरचं झाड यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक दिसतो, पण दीडशे आणि दोनशे मीटरवरच्या दोन झाडांत जवळजवळ काहीच नाही. म्हणून थर मांडायचे ते जवळच्या अर्ध्या पट्ट्यात. लांबच्या टेकड्यांची रांग धरून बसलात तर कागदावर रिकामी चौकट येईल.

याच गणितातून दुसरी एक सोय निघते, आणि माझ्या मते धुक्यातल्या रचनेतलं ते सर्वांत उपयोगी हत्यार आहे. एखादं झाड चौकटीत अर्ध्या उंचीचं हवं असेल, तर ते रुंद लेन्सने जवळ जाऊन घेता येतं किंवा लांब लेन्सने दुरून. स्वच्छ हवेत दोन्हींत फरक पडतो तो पार्श्वभूमीच्या आकाराचा. धुक्यात मात्र झाडाचा रंगच बदलतो. चोवीसच्या लेन्सने दहा मीटरवरून घेतलेलं झाड काळं, साल दिसणारं, ठसठशीत येतं. दोनशेच्या लेन्सने ऐंशी-नव्वद मीटरवरून घेतलेलं तेच झाड तितक्याच आकाराचं पण पाण्यात विरघळल्यासारखं. म्हणजे धुक्यात झूम करणं आणि चार पावलं पुढे जाणं यांचा परिणाम अगदी उलट असतो. फोटो फिका येतोय असं वाटलं तर एडिटिंगवर भरवसा ठेवण्यापेक्षा पायांवर ठेवा.

उजेडाची दिशाही इथे वेगळी वागते. थेंब प्रकाशाला बहुतांश पुढच्या दिशेनेच ढकलतात, त्यामुळे सूर्याकडे तोंड केलं की धुकं झगमगतं आणि आणखी दाट भासतं. सूर्य पाठीशी घेतला की तेच धुकं विरळ, निस्तेज दिसतं. उन्हाच्या तिरिपा हव्या असतील तर झाडाच्या सावलीत उभं राहून सूर्याकडेच बघायला हवं. (सूर्य पाठीशी आणि खाली दाट ढग-धुकं असलं तर वेगळंच काही घडतं: हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून दिसणारं गोल इंद्रवज्र हा त्याचाच प्रताप. पण त्यासाठी नशीब लागतं.)

काठावरची फांदी

उदाहरणादाखल एकच फोटो घेऊ आणि तो शेवटपर्यंत सोडायचा नाही. जागा भिगवणजवळची, उजनी धरणाच्या फुगवट्याची. भीमेवरच्या या धरणाचं पाणी पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या काठांना भिडतं, आणि रोहितपक्ष्यांमुळे हिवाळ्यात तिथे फोटोग्राफरांची गर्दी असते. सूर्य नुकताच वर आलेला, पाण्यावर वाफा आणि काठावर धुई. होडीवाले दादा म्हणतात, “धुई हाय अजून, थांबा जरा. ऊन आल्यावर पक्षी दाखवतो.” पक्ष्यांसाठी त्यांचं म्हणणं बरोबर आहे. आपल्याला मात्र हीच वेळ हवी आहे, त्यातही धुकं उचलायला लागतं तो अर्धा तास, कारण तेव्हा ते एकसारखं न राहता तुटतं आणि मागच्या गोष्टी क्षणभर पुढे येऊन परत जातात.

फोटोत मधोमध एक मासेमाराची होडी आहे, त्यात उभा माणूस, हातात लांब बांबू. मागे पाण्यात बुडालेल्या बाभळींचे वाळके बुंधे, त्यांवर दोन पाणकावळे. त्याही मागे पलीकडच्या काठाची पुसट रेषा. वर रिकामं. खाली पाणकणसं आणि गवत, आणि डाव्या कोपऱ्यातून आत आलेली वेड्या बाभळीची एक फांदी.

हा फोटो पाहणाऱ्याची नजर आधी कुठे जाईल? होडीवर नाही, फांदीवर. आता त्याचं कारण आपल्याला माहीत आहे. फांदी दोन मीटरवर आहे, तिच्या आणि कॅमेऱ्याच्या मध्ये धुकंच नाही. संपूर्ण चौकटीतली ती सर्वांत काळी आणि सर्वांत टोकदार कडा आहे. स्वच्छ हवेत अशी फांदी इतर गडद गोष्टींत मिसळून जाते, धुक्यात ती एकटी पडते आणि ओरडते. धुक्यातले निम्मे फोटो बिघडतात ते याच कारणाने: जवळचं गवत, कुंपणाची तार, वरून लोंबणारी पानं. या गोष्टींना चित्रात काही अर्थ नसतो, पण धुकं त्यांनाच सगळं वजन देऊन टाकतं. म्हणून बटण दाबण्याआधी चौकटीच्या चारही कडांवरून एकदा नजर फिरवा, आणि सर्वांत काळी गोष्ट कोणती हे स्वतःला विचारा. जी असेल तीच तुमची नायिका. ती मान्य नसेल तर जागा बदला.

पुढचा प्रश्न रिकाम्या जागेचा. वरचा भाग मोकळा आहे म्हणून तो लगेच छाटायचा नसतो. टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात हासेगावा तोहाकू या चित्रकाराने सोळाव्या शतकाच्या अखेरीस शाईने रंगवलेले पडदे आहेत, ‘पाइनची झाडं’ या नावाचे; प्रत्येकी सहा घड्यांच्या दोन पडद्यांची ती जोडी आहे. जपानने त्यांना राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा दिला आहे. कागदाचा बराच मोठा भाग कोराच आहे. त्यात झाडांचे चार-पाच पुंजके, पुढची झाडं दाट शाईच्या भरभर ओढलेल्या फटकाऱ्यांची, मागची पाणचट शाईची. जवळून पाहिलं तर ते फटकारे अगदी रांगडे आहेत. लांबून धुकं तयार होतं. मला त्यातली शिकण्याची गोष्ट वाटते ती ही की कोऱ्या जागेला आकार आहे: प्रत्येक पुंजका किंचित कलतो, त्यामुळे मधल्या रिकामेपणातून हवा वाहते असं वाटतं. आपल्या फोटोतल्या रिकाम्या जागेलाही असं काहीतरी लागतं. होडी उजवीकडे निघाली असेल तर उजवीकडची मोकळी जागा तिची वाट होते. डावीकडची तेवढीच जागा मात्र नुसती वाया जाते.

एक्स्पोजरबद्दल थोडक्यात. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं सरासरी मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो, म्हणून पांढरं धुकं त्याला जास्त उजेडाचं वाटतं आणि तो फोटो काळवंडून टाकतो. ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास जी झोन पद्धत बसवली, तिच्या भाषेत मीटर धुक्याला पाचव्या झोनमध्ये ढकलतो. ते सहाव्या-सातव्यात हवं. म्हणजे एक ते दोन स्टॉप जास्त उजेड द्या. मोबाइलवर होडीला बोट लावून सूर्याची खूण वर सरकवली की तेच होतं. फोनमधलं एचडीआर मात्र बंद ठेवा. ते प्रत्येक कोपऱ्यातला कॉन्ट्रास्ट आपणहून वाढवतं, आणि इथे नेमकं तेच नको आहे. ऑटोफोकस धुक्यात चाचपडत राहतो, कारण त्याला कडा लागते. ती होडीच्या टोकावर द्या. लेन्सवर दव बसतं, तेव्हा कोरडं कापड वरच्या खिशात असू द्या.

पट्टी किती सरकवायची

घरी आलो. फोटो रॉ स्वरूपात असेल तर उत्तम, आणि धुक्याच्या बाबतीत हा आग्रह मी जरा जास्तच धरतो. जेपेगमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. चौदा बिटांच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. एरवी हा फरक दिसत नाही. पण आपल्या फोटोत धुक्याचा सगळा सौम्य चढउतार साधारण १७० ते २०५ या पट्ट्यात बसला आहे, म्हणजे अर्धी चौकट अवघ्या पस्तीस पायऱ्यांवर उभी आहे. त्या पायऱ्या ताणल्या की आकाशात पट्टे उमटतात, जुन्या भिंतीवर ओल चढल्यासारखे. एकदा उमटले की ते जात नाहीत. म्हणून रॉमध्ये काढा, सोळा बिटांत काम करा आणि अगदी शेवटी जेपेग करा.

पहिलं काम क्रॉप. आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांनी २२ फेब्रुवारी १८९३ रोजी न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर हिमवादळात एक घोडागाडी टिपली. त्यांनीच सांगितल्याप्रमाणे त्यासाठी ते तीन तास बर्फात उभे होते. पण आपण ते चित्र आज ज्या रूपात ओळखतो, ते निगेटिव्हच्या कडा बऱ्याच छाटून आलेलं आहे. एवढ्या कष्टाने मिळवलेल्या निगेटिव्हचा मोठा भाग टाकून द्यायला हिंमत लागते, आणि तो टाकल्यामुळेच रस्त्यावरचे चाकोऱ्यांचे ओरखडे थेट गाडीकडे नेतात. आपल्या होडीच्या फोटोतही खालचं गवत आणि डावा कोपरा गेला की फांदीचा प्रश्न आपोआप मिटतो. चौकट दोनास एक अशी आडवी होते, होडी डाव्या तिसऱ्या हिश्शात सरकते आणि पुढे पाणी मोकळं राहतं. वरचा रिकामा भाग मी ठेवला आहे, फक्त थोडा कमी करून. पाणकावळे आणि वरची कड यांच्यात श्वास घ्यायला जागा हवी.

फांदी क्लोन करून पुसली तर? घरच्या भिंतीवर लावायच्या फोटोत खुशाल पुसा. निसर्ग विभागाच्या स्पर्धांना पाठवणार असाल तर थांबा: आंतरराष्ट्रीय छायाचित्रण संघटनांच्या व्याख्येनुसार तिथे चित्रातली गोष्ट पुसणं, हलवणं किंवा नवी घालणं चालत नाही, क्रॉप चालतो. सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके पुसायलाही परवानगी असते, आणि ते पुसावेच लागतात, कारण धुक्याच्या सपाट पांढऱ्यावर एकही ठिपका लपत नाही. लहान ॲपर्चरला, एफ १६ वगैरेला, ते जास्तच ठळक होतात. फोटो शंभर टक्के मोठा करून एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत शेत नांगरावं तसा तपासा.

मग हिस्टोग्राम. धुक्याच्या फोटोचा हिस्टोग्राम उजव्या-मधल्या भागात गोळा झालेला असतो आणि दोन्ही टोकांना मोकळी जागा असते. पुस्तकात वाचलेलं असतं की आलेख टोकाला टोक भिडला पाहिजे. ‘ऑटो’ बटण नेमकं तेच करतं आणि चित्राचा जीव घेतं. धुक्यात शुद्ध पांढरं काही नव्हतं, तर फोटोत ते कशाला आणायचं? काळ्याबद्दल मी जरा सैल आहे. चौकटीतल्या सर्वांत जवळच्या महत्त्वाच्या गोष्टीत, इथे होडीच्या बुडाशी, काळ्याचा एक ठिपका असावा. तेवढ्यानेही उरलेलं धुकं उजळ वाटू लागतं.

आता कर्सर फोटोवर फिरवून आकडे बघू. होडी ४५, मधल्या बाभळी १२५, पलीकडचा काठ १९५, धुकं २०५. म्हणजे धुक्यापासूनचा फरक अनुक्रमे १६०, ८० आणि १०. शेवटचा काठ केवळ दहा पायऱ्यांनी वेगळा आहे, तरीही तो दिसतो, आणि तोच सांगतो की पाणी कुठेतरी संपतं. या फोटोचं सगळं भांडवल या तीन आकड्यांत आहे.

डीहेझ या भांडवलाचं काय करतं ते समजून घेण्यासारखं आहे. ॲडोबीने हे साधन २०१५ साली लाइटरूममध्ये आणलं. धुकं काढण्याच्या अशा पद्धतींमागचा एक गाजलेला विचार त्याआधीचा आहे. कायमिंग हे, जिआन सुन आणि शाओऊ तांग या तिघांनी २००९ साली दाखवून दिलं की स्वच्छ हवेतल्या बाहेरच्या दृश्याचा, आकाश सोडून, जवळपास कोणताही छोटा तुकडा घ्या, त्यात लाल, हिरवा, निळा यांपैकी एखादा रंग कुठेतरी शून्याजवळ असतोच. सावली असते, गडद पान असतं, भडक कपडा असतो. एखाद्या तुकड्यात हे किमानसुद्धा वर उचललेलं दिसलं, तर तो उचलेपणा धुक्याचा. जितका जास्त उचलेपणा, तितकं ते ठिकाण लांब. त्या प्रमाणात धुकं वजा करायचं. विचार फार देखणा आहे, आणि धुळीने गढूळलेल्या दृश्यासाठी, रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांसाठी तो मोलाचा आहे. पण आपल्या कामासाठी त्याचा अर्थ नीट पाहा: असा प्रोग्राम लांबच्या गोष्टींवरून सर्वांत जास्त धुकं काढतो. म्हणजे अंतर ओळखतो आणि तेच पुसतो. पट्टी पन्नासपर्यंत नेली की पलीकडचा काठ काळसर होऊन पुढे येतो, बाभळी होडीला येऊन चिकटतात, आणि दोन-तीनशे मीटर खोल असलेलं चित्र अंगणाएवढं होतं. शिवाय धुक्यात दडलेला दाणा वर येतो आणि रंगांना निळी-जांभळी झाक चढते.

म्हणून संपूर्ण फोटोवर डीहेझ लावू नका. हवं असेल तर मास्क करून फक्त होडीवर आणि तिच्या आसपासच्या पाण्यावर लावा, दहा-पंधरा पुरे. टेक्स्चर आणि शार्पनिंगही तिथेच. मागच्या बाभळींना हात लावायचा नाही. पलीकडचा काठ मला इथे किंचित जास्त दिसतोय असं वाटलं असतं, तर तिथे उलट उणे पाच-सात डीहेझ दिलं असतं. या साधनाचा मला सर्वांत आवडणारा उपयोग तोच आहे. कर्व्हवर काम करणार असाल तर २०५ चा बिंदू आधी खिळवून ठेवा आणि मग खालचा भाग हलकेच खाली ओढा. त्यामुळे जवळचं गडद होतं, लांबचं जागच्या जागी राहतं, आणि थरांमधलं अंतर वाढतं. संपूर्ण एडिटिंगमधली ही सर्वांत महत्त्वाची हालचाल आहे, आणि ती एका मिनिटात होते.

वरचं आकाश मात्र सपाट राहिलं तर कागदासारखं दिसतं. वरून खाली येणारा ग्रेडियंट लावून ते अर्ध्या स्टॉपपेक्षाही कमी गडद करा, आणि सूर्य ज्या बाजूला होता तिथे थोडं उजळ राहू द्या. पाहणाऱ्याला हे जाणवता कामा नये. जाणवलं तर निम्मं करा.

रंगाचा निर्णय सोपा नाही. सूर्य वर येण्याआधीचं धुकं निळसर असतं, कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स ते पुष्कळदा उदासीन राखाडी करून टाकतो आणि थंडीच निघून जाते. मी आकडे पाहून लाल किंचित कमी आणि निळा किंचित जास्त ठेवतो. आठ-दहा पायऱ्यांचा फरक पुरतो. सूर्य आल्यावरचा फोटो असेल तर उजेडाच्या बाजूला उबदार आणि सावलीच्या बाजूला गार, हे दोन्ही राहू द्यावं. शहराजवळच्या धुक्यात धूर आणि धूळ मिसळलेली असते, तिचा पिवळट-तपकिरी मळ असतो. तो थोडा काढायला हरकत नाही. रंगांची तीव्रता धुक्यामुळे अंतरागणिक कमी होत जाते, तेव्हा सॅच्युरेशन सरसकट वाढवलं की लांबचा काठ अचानक रंगीत होतो आणि खोटा दिसतो. होडीतल्या माणसाच्या अंगावर विटकरी स्वेटर आहे. चौकटीतला तो एकमेव उबदार ठिपका, आणि त्याला मी वाढवलं नाही.

कृष्णधवल करायचं का? जरूर करून पाहा. ब्रिटिश छायाचित्रकार मायकेल केना यांनी होक्काइदोच्या बर्फात आणि धुक्यात काढलेले चौकोनी कृष्णधवल फोटो पाहिलेत तर रंगाशिवाय केवळ अंतरावर चित्र कसं उभं राहतं ते दिसेल. पण रंगीत फोटो फसला म्हणून कृष्णधवल करायला गेलात तर तोही फसेल. थर आधीच नसतील तर रंग काढून ते येत नाहीत.

हल्ली साध्या फोटोत नंतर धुकं घालून देणारे प्रोग्राम मिळतात. मला ते पटत नाहीत. फोटोत धुकं घालायचं तर प्रत्येक फांदीचं कॅमेऱ्यापासूनचं अंतर माहीत हवं. प्रोग्राम ते अंदाजाने भरतो, आणि बहुतेक वेळा जवळची बारीक फांदी आणि तिच्यामागचं लांबचं झाड यांना एकच पांढरेपणा देऊन मोकळा होतो. खरं धुकं अशी चूक करत नाही.

शेवटी छपाई. पडदा स्वतः उजेड देतो, कागद देत नाही, त्यामुळे पडद्यावर छान दिसलेलं धुकं कागदावर गढूळ येतं. मॅट कागद घ्या. चकचकीत कागदावर खोलीतल्या दिव्याचं प्रतिबिंब नेमकं रिकाम्या भागात बसतं. धुक्याचा सर्वांत उजळ भाग २४० च्या खाली ठेवा, नाहीतर तिथे शाईच पडणार नाही आणि फोटोची वरची कड कागदाच्या पांढऱ्या किनारीत मिसळून जाईल. पूर्ण आकारात छापण्याआधी त्याच कागदावर तीन बोटं रुंदीच्या दोन-तीन पट्ट्या काढून घ्या, प्रत्येकीत धुकं आधीच्यापेक्षा जरा उजळ. त्या ज्या भिंतीवर फोटो लागणार तिथे, तिथल्याच उजेडात, चार हातांवरून बघा. ज्या पट्टीत पलीकडच्या काठाची रेषा अजून दिसते आणि धुकंही पांढरंच वाटतं, ती निवडा. रेषा एकाही पट्टीत दिसत नसेल तर परत त्या शेवटच्या दहा पायऱ्यांकडे जा, त्या पंधरा करा आणि पुन्हा पट्ट्या काढा.